दिव्याला खळं

"तांबडं नेहमी बाहेरच्या कडेला असतं बघ," मी म्हणालो, "आणि निळं आत. उलटं कधी होत नाही." आम्ही दोघं बसथांब्याच्या बाकावर बसलो होतो, मी आणि माझी लेक. तिला घरात आम्ही ठमी म्हणतो. ती आता चांगली नोकरीला लागली आहे, पण नाव काही सुटलं नाही. समोरच्या रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते आणि आकाशात अजून थोडा उजेड होता. "कसलं तांबडं?" ठमीनं विचारलं. "हे काय, दिव्याभोवती." तिनं दिव्याकडे पाहिलं. "दिवा पांढरा आहे, बाबा." "दिवा पांढराच आहे गं. मी त्याच्या भोवतीच्या कड्याबद्दल बोलतोय," म्हणत मी हवेत बोटानं गोल काढून दाखवला, अगदी ते कडं होतं तेवढाच. तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग माझ्याकडे. हे तिसरं पाहणं मला आवडलं नाही. "तुला तिथे कडं दिसतंय?" तिनं हळूच विचारलं. ताप आलेल्या माणसाला विचारावं तसं. "गंमत केली गं," मी म्हणालो. "तू अशी गंमत करत नाहीस," ती म्हणाली. तेवढ्यात बस आली आणि मी कधी नव्हे तो धक्काबुक्की करून पुढे घुसलो, जणू ती बस चुकली असती तर दुसरी येणारच नव्हती.

खिडकीजवळची जागा मिळाली. एकेक दिवा मागे जात होता आणि प्रत्येकाला आपापलं कडं होतं. आत निळसर, मग फिकट हिरवं, पिवळं, आणि कडेला गाजराच्या सालीसारखं तांबूस. दुकानांच्या पाट्यांना होतं, समोरून येणाऱ्या गाड्यांना होतं. ठमी मागच्या बाजूला उभी होती. ती बघत नाही असं पाहून मी डावा डोळा मिटला. कडी फिकी झाली. मग उजवा मिटला, तर ती इतकी ठसठशीत झाली की हात लावावासा वाटला. मी दोन्ही डोळे उघडून शहाण्यासारखा समोर बघत बसलो. माणसाला सावली असते तसं दिव्याला कडं असतं, अशीच माझी इतकी वर्षं समजूत होती. काही संध्याकाळी दिसायचं, काही संध्याकाळी नाही. हवेत दमटपणा असेल, धूर असेल, असं मी धरून चाललो होतो. कुणाला विचारलं कसं नाही, असं आता वाटतं. पण सावलीबद्दल कोण कुणाला विचारतं? आणि दुसरं म्हणजे, त्या कड्यावर माझं नाव झालं होतं.

ते नाव कसं झालं हे सांगायला थोडं मागे जायला हवं. मी दात करतो. दंतवैद्य माणसाच्या तोंडाचा साचा पाठवतात आणि मी त्यावरून दात घडवून देतो, पोर्सेलिनचे पातळ थर एकावर एक चढवत, भट्टीत भाजत, शेजारच्या दाताशी रंग जुळवत. खरा दात एका रंगाचा नसतो. मुळाशी तो पिवळट असतो, टोकाला जवळजवळ पारदर्शक, आणि आतून कुठूनतरी उजेड आल्यासारखा दिसतो. ते जमलं की काम उत्तम झालं आणि उत्तम झालं की ते कुणालाही कळत नाही. या शहरात माझ्या हातचे दात घालून पुष्कळ लोक हिंडत असतील, जेवत असतील, भांडत असतील. त्यातल्या एकानंही माझ्याकडे बघून हसून दाखवलेलं नाही. तक्रार नाही, धंदाच तसा आहे. पण जन्मभर न दिसण्यासाठी राबलेल्या माणसाला कधीतरी वाटतंच, की आपलं काहीतरी चारचौघांनी बघावं, आणि हे कुणी केलं म्हणून विचारावं.

ठमीला टेबलावरच्या लढायांचं वेड लागलं ते कॉलेजात असताना. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर ही मंडळी जमतात. मोठ्या टेबलावर कागदाचे डोंगर आणि पुठ्ठ्याची गावं मांडतात आणि बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांच्या, चेटकिणींच्या, राक्षसांच्या फौजा एकमेकांवर सोडतात. त्या बाहुल्या करड्या प्लॅस्टिकच्या येतात. रंगवायच्या आपण. ठमीनं पहिली रंगवली ती बघून मला राहवेना. "तोंडाला गेरू फासलाय का त्याच्या?" मी म्हणालो. "मग तू रंगव," ती म्हणाली. दात कोरायचे ब्रश होतेच, भिंगाचा दिवा होता, स्थिर हात होता. मी लढायला कधी बसलो नाही, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण रंगवायला बसलो तो उठलोच नाही. बायको म्हणायची, "पोरीचं लग्न व्हायच्या वयात बाप बाहुल्या खेळतोय." म्हणताना हसायची.

त्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे उजेड रंगवणं. बाहुलीच्या हातात मशाल असते, कंदील असतो, चेटकिणीच्या मुठीत हिरवा जाळ असतो. प्लॅस्टिकचा जाळ काही उजेड देत नाही. तो पडलाय असं रंगानं भासवायचं. नवखे लोक काय करतात, कंदील पिवळा करतात आणि भोवती सगळीकडे पिवळा रंग थापतात. बाहुली हळद लागल्यासारखी दिसते. आधी सगळं काळं करायला लागतं. मग आपला डोळा कंदिलाच्या जागी आहे असं धरायचं आणि तिथून काय काय दिसेल ते मनाशी बघायचं. हनुवटीची खालची बाजू दिसते, पोटरी दिसते, झग्याची आतली घडी दिसते. तेवढ्यावरच उजेड. नाकापलीकडचा गाल कंदिलाला दिसत नाही, तर त्याच्या वाट्याला काही यायचं नाही, कितीही गोंडस असला तरी. आणि रंग पाण्यासारखा पातळ, थरावर थर, जवळ जास्त, लांब कमी. दाताचं आणि याचं तंत्र सख्खी भावंडं आहेत. मला ते हां हां म्हणता जमलं.

मग मी तो राखणदार रंगवला. म्हातारा, वाकलेला, हातात कंदील, मागे पडक्या दगडी भिंतीचा तुकडा. सगळं नियमानं केलं आणि समोर ठेवून पाहिलं तर काहीतरी कमी वाटलं. उजेड होता, पण दिवा दिसतो तसा नव्हता. त्या संध्याकाळी खोलीतला दिवा मालवून मी देव्हाऱ्यातल्यासारखी एक बारकी वात लावून बघत बसलो, आणि मला उमगलं की मी कडं विसरलोय. मागच्या भिंतीवर, दगडांच्या चिरांवरून, मी अगदी पातळ रंगानं ते कडं काढलं. आत निळं, बाहेर तांबूस. ते काढलं आणि कंदील पेटला. दुकानात नेला तर लोक खेळ सोडून जमा झाले. दुकानदाराला सगळे सेनापती म्हणतात, कारण तो प्रत्येक लढाई हरतो. त्यानं राखणदार तळहातावर घेतला आणि सगळ्या बाजूंनी फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाला, "काका, हे तुम्हाला सुचलं कसं?" "सुचायचं काय त्यात," मी म्हणालो, "बघितलं." हे वाक्य तिथे गाजलं. लोक एकमेकांना सांगायला लागले, काका म्हणतात, नुसतं बघा. काहींनी कडं काढून पाहिलं, कुणाला साधलं नाही. त्याला काकांचं खळं असं नाव पडलं. खळं हा शब्द मीच दिला होता, चंद्राला पडतं ते. आणि येत्या रविवारी सेनापतीनं माझा वर्ग ठेवला होता, दुपारी, वरच्या मजल्यावर. काका खळं शिकवणार म्हणून दारावर पाटी लागली होती. बस घराजवळ आली तेव्हा मला ती पाटी आठवली आणि मी उतरायचं विसरलो. ठमीनं दंडाला धरून उतरवलं.

खळं हा शब्द माझा नव्हता, नानांचा होता. माझे वडील शिंप्याच्या मोठ्या दुकानात कापड बेतायचे. दिवसभर खडूच्या रेघेवरून कात्री चालवायची. संध्याकाळी घरी आले की चहा घेत दिव्याकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "आज दिव्याला खळं पडलंय." आई म्हणायची, "मग छत्री काढून ठेवते." आम्ही हसायचो. मला ते बघायचं होतं. डोळे किलकिले केले की पापण्यांतून काहीबाही दिसायचं. "मलाही दिसलं," मी ओरडायचो. "दिसणारच," नाना म्हणायचे, "माझा मुलगा आहेस." तेवढ्यावर मी फुगायचो. त्यांच्या कपाळावर आठी असायची, भुवईच्या वर बोटानं दाबत बसायची त्यांना सवय होती. ती सवय मला लागली आहे असं बायको म्हणते. पुढे नानांनी काम लवकर सोडलं. हात थरथरतो म्हणाले. हात मुळीच थरथरत नव्हता. सकाळी रेडिओवर बातम्या लागायच्या, त्या ते कान देऊन ऐकायचे, आणि थोड्या वेळानं आरामखुर्चीत पेपर उघडून धरायचे आणि आम्हाला मोठ्यानं बातम्या वाचून दाखवायचे. त्याच बातम्या. एकदा मी सुट्टीवर आलो होतो. पहिल्या पानावर अर्धं पान भरून आगीचा फोटो होता आणि नाना संथपणे रेल्वेच्या भाड्याबद्दल वाचत होते. आई भाजी निवडत म्हणत होती, "हं. मग?" त्यांनी पान उलटलं. मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मूग गिळून बसलो. शेवटी डॉक्टरकडे नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, आता फार उशीर झालाय. तो शब्द आम्ही घरात आणलाच नाही. विचारणाऱ्याला आई सांगायची, वय झालं. नाना तेव्हा आत्ताच्या माझ्यापेक्षा थोडेसेच मोठे असतील.

घरी आल्यावर मी नेहमीसारखा टेबलाशी बसलो. ठमी आली आणि तिनं न विचारता बॅटरीवर लागणारी एक बारकीशी दिव्याची कळी राखणदाराच्या कंदिलाशी धरली. खऱ्या उजेडात बाहुली कशी दिसते ते बघायची ही आमची जुनी रीत. "दिवा घालव," ती म्हणाली, आणि फोननं फोटो काढला. मग खोलीतला दिवा लावून तिनं तो फोटो माझ्यापुढे ठेवला. उजेड हनुवटीवर होता, पोटरीवर होता, झग्याच्या घडीत होता, सगळं मी रंगवलं होतं तिथे तिथे. मागच्या भिंतीवर रंगाचं कडं होतं, माझ्याच हातचं. पण त्या कळीभोवती काहीही नव्हतं. नुसती काळी हवा. "कॅमेऱ्याला नाही पकडता येत," मी म्हणालो. "बरं," ती म्हणाली. "स्वस्तातला फोन आहे तुझा." "बरं, बाबा." तिच्या त्या बरं म्हणण्यावर मी चिडलो आणि उगाच तिला जेवायला वाढायला सांगितलं. ती गेल्यावर मी ती कळी पुन्हा पेटवली. खळं लगेच आलं, आज्ञाधारकपणे. ते इतकं सुंदर होतं की मला राग धरवेना. डाव्या भुवईवर कुणीतरी अंगठा रोवून दाबावं तसं दुखत होतं. मी डोकेदुखीची गोळी घेतली आणि पुढचे काही दिवस मोठ्या उत्साहात घालवले. घरात विनोद केले. संध्याकाळी दिव्यांकडे बघायचं टाळलं. कामावर एका दंतवैद्यानं एक दात परत पाठवला, रंग जुळत नाही म्हणून, तेव्हा त्या दंतवैद्यालाच मनातल्या मनात शिव्या घातल्या.

रविवारी वरचा मजला भरला होता. एक पशुवैद्य बाई होत्या, एक हॉटेलातला स्वयंपाकी होता, बँकेतले दोघं जण होते, एक निवृत्त मास्तर होते, आणखीही काही. सगळ्यांसमोर काळ्या रंगाच्या बाहुल्या आणि पाण्याची भांडी. ठमी मागे उभी राहून सगळ्यांना ब्रश देत होती. मी सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली. उजेड सरळ जातो, वळत नाही, हे सांगितलं. कंदिलाच्या जागी डोळा ठेवायला सांगितलं. पशुवैद्य बाईंनी नाकाच्या दोन्ही बाजू उजळल्या होत्या, त्यांना म्हणालो, "बाई, तुमच्या कंदिलाला कोपऱ्यापलीकडचं दिसतं वाटतं." सगळे हसले. माझं मलाच बरं वाटत होतं. मग सेनापती म्हणाला, "काका, आता खळं." आणि कुणीतरी म्हणालं, "खरा दिवा लावून दाखवा ना, तुम्ही म्हणता ना नुसतं बघा म्हणून." नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पडदे ओढले गेले, टेबलाच्या मधोमध मेणबत्ती लागली, आणि सगळी तोंडं तिच्याकडे वळली. मला दिसलं. त्या दिवशी तर असं दिसलं की त्याला तोड नाही, पूर्ण गोल, कडेला डाळिंबी. "डोळे जरा सैल सोडा," मी म्हणालो. माझा आवाज मला नानांसारखा वाटला. सगळे पुढे वाकले. मग स्वयंपाकी म्हणाला, "हो, हो, आलं!" बँकेतला एक जण म्हणाला, "अंधुक आहे, पण आहे." दुसऱ्यानं विचारलं, "निळं आत ना?" "आत," मी म्हणालो. "बरोबर, आतच आहे," तो म्हणाला. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि मान डोलावली. पशुवैद्य बाई म्हणाल्या, "किती सुंदर!" त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. त्यांना माझा मान राखायचा होता आणि मान राखता राखता त्यांना दिसायला लागलं होतं. मी त्या डोलणाऱ्या माना बघत उभा राहिलो आणि भाजी निवडणारी आई माझ्यापुढे आली, हं, मग, म्हणणारी. एकटी ठमी मेणबत्तीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या हातातले ओले ब्रश तिच्या बाहीवर ठिबकत होते. मी मेणबत्ती विझवली, पडदे उघडायला सांगितले, आणि वर्ग पुढे चालू ठेवला. खळं कसं काढायचं ते सगळं शिकवलं. शेवटी टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी पाणी प्यायला गेलो तर म्हणाली, "बसा." मी बसलो. माझ्यापुढे तिनं मूठभर शेंगा सरकवल्या. "ठमीनं सांगितलं," ती म्हणाली. "कशाबद्दल?" "उगाच वेड पांघरू नका." मी शेंगा सोलायला लागलो. म्हणालो, "चांगल्या चार माणसांना दिसलं आज. विचार तिला." "त्यांना तुमचं मन मोडायचं नव्हतं. कडं नाही दिसलं त्यांना." मी पुढची शेंग घेतली. ती म्हणाली, "किती दिवस दुखतंय डोकं?" "अधूनमधून." "नानांसारखं?" या घरात तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी उठायला लागलो. तिनं हात धरला नाही, आवाजही चढवला नाही. "अहो," ती म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा नाना पेपर वाचायचे. सासूबाई मान हलवायच्या, म्हणून मीही हलवली. नवीन होते, वाटलं इथली रीत असेल. मला त्याची अजून लाज वाटते. तुमच्यापुढे मी मान हलवणार नाही. तुम्ही काहीही वाचा." आणि ती रडायला लागली, मटार सोलता सोलताच. तिला रडताना मी फार पाहिलेलं नाही. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नव्हतो. "आणि ते गेलं तर?" मी म्हणालो. "डॉक्टरनं काहीतरी केलं आणि ते खळं गेलं तर माझ्याकडे राहिलं काय? दात?" ती डोळे पुसत म्हणाली, "डोळे राहतील." ती हे इतकं रोखठोक बोलली की मला हसू आलं, आणि हसताना कळलं की मी घाबरलोय. नुसता घाबरलो नव्हतो, पार हादरलो होतो. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितेय. मीपण." आम्ही सगळे मटार सोलून संपवले. लागत नव्हते तेवढे.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, हनुवटी टेकायला लावली, डोळ्यावर थंडगार भिंग टेकवून आत कितीतरी वेळ पाहिलं. "दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात?" त्यांनीच विचारलं. मी इतकी वर्षं जे माझं म्हणून जपलं होतं ते त्यांनी छापील प्रश्नासारखं विचारलं. "दिसतात," मी म्हणालो. "निळं आत, तांबडं बाहेर?" "हो." "घरात कुणाला काचबिंदू?" माझ्या जिभेवर आपसूक आलं, 'वय झालं होतं', आईचंच वाक्य. बायको शेजारी बसली होती. "वडिलांना," मी म्हणालो. "ते आंधळे झाले." हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं पाणी निघून जायची वाट अरुंद आहे. अंधार पडला, डोळ्यातली बाहुली मोठी झाली की ती वाट बंद होते, दाब चढतो, बुबुळावर सूज येते आणि त्या सुजेतून दिवा बघितला की कडं दिसतं. लेझरनं एक बारीक भोक पाडायचं. दुखत नाही. "मग कडी बंद होतील," त्या म्हणाल्या, आनंदाची बातमी द्यावी तशा. मी हो म्हणालो. मला त्यांच्यासमोर वाईट वाटून घ्यायचं नव्हतं, तरी वाटलं. "जी नजर गेली आहे ती परत येणार नाही," बाई पुढे म्हणाल्या. "उरलेली सांभाळता येईल, बहुतेक चांगली सांभाळता येईल. पण किती गेली आहे ते आधी नीट कळायला हवं. औषध किती जोरात चालवायचं ते त्यावर ठरेल. म्हणून ही तपासणी मन लावून करा."

तपासणीची खोली अंधारी होती. एक मोठं पांढरं पोकळ भांडं आडवं ठेवल्यासारखं यंत्र, त्यात तोंड घालून बसायचं. तपासणारी मुलगी माझ्या ठमीच्याच वयाची. तिनं उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि हातात बटण दिलं. "काका, मधल्या ठिपक्याकडेच बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीकसा उजेड चमकला की दाबायचं. सोपं आहे." सुरू झालं. खरंच सोपं होतं. वर एक ठिपका आला, दाबलं. उजवीकडे एक, दाबलं. काही ठिपके इतके अंधुक होते की असा उजेड रंगवायला ब्रशावर नुसतं पाणीच घ्यावं लागलं असतं. मला मजा वाटायला लागली. मग बराच वेळ काही आलं नाही. यंत्र मात्र चालू होतं. प्रत्येक ठिपक्याच्या आधी त्याच्या पोटातून घर्र असा बारीक आवाज यायचा, हे माझ्या ध्यानात आलं होतं. घर्र झालं. ठिपका दिसला नाही. पुन्हा घर्र झालं. वाटलं, माझं लक्ष नसेल. तिसऱ्यांदा आवाज झाला आणि माझ्या अंगठ्यानं बटण दाबलं. मी दाबलं असं म्हणवत नाही, पण अंगठा माझाच होता. मग एक ताल सापडला. आवाज, बटण, आवाज, बटण. छान चाललं होतं. पास होण्याच्या बेताला आलेल्या पोरासारखं मला हलकं वाटत होतं.

यंत्र थांबलं. मुलगी माझ्याजवळ आली आणि खुर्ची ओढून बसली. "काका," ती म्हणाली, "हे मशीन मधे मधे नुसता आवाज करतं. दिवा लावतच नाही. तुम्ही तेव्हाही दाबलंत." मी भांड्यातून तोंड बाहेर काढलं नाही. कान तापले होते. "पुष्कळ जण करतात," ती म्हणाली. "कुणालाच वाटत नाही ना, आपलं काही गेलं असेल म्हणून." मग तिनं माझी हनुवटी पुन्हा नीट टेकवून दिली. "परत करू या. घाई नाही. जे दिसेल तेवढंच दाबा. नाही दिसलं तर नाही दाबायचं, एवढंच."

दारापाशी बायको उभी असावी, तिच्या पर्सची साखळी वाजली. यंत्र सुरू झालं. वर एक ठिपका आला, दाबलं. उजवीकडे एक, दाबलं. खाली एक अंधुक आला, दाबलं. मग घर्र झालं आणि समोर काही आलं नाही. अंगठा बटणावर होता, तो मी उचलून बाजूला घेतला. घर्र झालं. काही नाही. पुन्हा झालं. डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या बाजूला, वरच्या अंगाला, कुठेतरी एकामागून एक दिवे लागत असणार आणि विझत असणार, आणि मला त्यातला एकही दिसत नव्हता. ती जागा काळीदेखील नव्हती. तिथे काही नव्हतंच. किती मोठी आहे ती, याचा अंदाज मला आत्ता पहिल्यांदा येत होता, आवाजामागून आवाज न दाबता सोडून देताना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"दिसत नाहीये," मी म्हणालो.

"बोलू नका काका, हनुवटी हलते," ती मुलगी अंधारातून म्हणाली. आणि मग, जरा वेळानं, "बरोबर करताय. असंच चालू द्या."